एकोणीस पॉइंट पंचेचाळीस

माझ्या मेहुण्याला लहानपणापासून जगाच्या टोकाला जायचं होतं. त्यात विशेष काही नाही. असा एखादा प्रत्येक घरात असतो आणि यथावकाश तो बँकेत लागतो. आमचा खरंच गेला.

शाळेत असताना त्याने प्रयोगशाळेतलं थर्मामीटर फोडलं आणि त्यातला पारा काड्यापेटीत भरून घरी आणला. वडील त्याच शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यामुळे मार दोन हप्त्यांत बसला, एकदा शाळेत, एकदा घरी. तेव्हापासून त्याला सगळे पाराच म्हणत. पुढे त्याला मोठी पदवी मिळाली, वर्तमानपत्रात फोटो आला, तरी गल्लीत कुणी डॉक्टरसाहेब म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

वडिलांनी गच्चीवर एक पांढरी लाकडी पेटी उभी केली होती. चारही बाजूंना झडपा आणि आत थर्मामीटर. रोज सकाळी आठला पेटी उघडायची, तापमान बघायचं, वहीत लिहायचं. रविवार नाही, ताप नाही, कुणाचं लग्न नाही. वडील गेले तेव्हा पारा परगावी शिकत होता, म्हणून वही त्याच्या ताईकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे आली आणि तिच्याकडेच राहिली. एकतीस वर्षांत एक खाडा नाही. आमचं लग्न ठरलं तेव्हा ती माझ्या घरी राहायला येईल अशी माझी भाबडी समजूत होती. पण पेटी हलवली तर नोंदींची मालिका मोडते, असं मला समजावून सांगण्यात आलं. म्हणून मी हललो. लोक नाना कारणांनी घरजावई होतात. मी शास्त्रीय कारणाने झालो.

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानोदुकानी तराजू तपासायचे, खोटं माप जप्त करायचं, खऱ्यावर शिक्का मारायचा. सासूबाई म्हणायच्या, "जावई दिवसभर लोकांची मापं काढतात, म्हणून घरात गरीब असतात." त्या माझ्याशी बऱ्या वागत. मुलीशी कडक आणि मुलाच्या बाबतीत पूर्ण आंधळ्या.

तर पारा गेला. चौदा माणसं, एक जहाज आणि एक लांबलचक यंत्र. तिकडे नऊशे चाळीस मीटर जाडीचा बर्फ आहे आणि त्याच्या खाली खडक आहे. त्या खडकापर्यंत सरळ भोक पाडायचं आणि वाटेत लागेल तो बर्फ नळीतून वर काढायचा. त्या बर्फात लाखो वर्षांपूर्वीची हवा बुडबुड्यांत अडकलेली असते. पारा लिहायचा, "ताई, जिथे मानवाचं पाऊल पडलं नाही तिथे मी उभा आहे." तिथे पाऊल न पडण्यामागे सबळ कारणं असावीत, असं मला वाटे, पण मी बोललो नाही. "इथे माझं मन समजेल असा एकही मित्र नाही," असंही लिहायचा. "बाकीचे तेरा जण पत्ते खेळतात."

"तेरा जण शहाणे आहेत," सासूबाई म्हणाल्या. "बर्फ बघायला इतक्या लांब जायचं? आपला फ्रीज काय वाईट होता?"

पण त्याच्या संदेशाचा कागद उशीखाली ठेवायच्या, आणि पाहुणा आला की चष्म्यासकट बाहेर काढायच्या.

जहाज वर्षातून एकदा यायचं. दोन-तीन आठवडे थांबायचं, सामान उतरवायचं, माणसं बदलायचं आणि समुद्र गोठायच्या आत निघायचं. एरवी घरच्यांनी दर सोमवारी त्याला पाठवणाऱ्या संस्थेच्या कार्यालयात जायचं, वायरलेसने संदेश पाठवायचा आणि तिकडून आलेला घ्यायचा. शब्द पन्नास, एक जास्त नाही. तिथे एक कारकून पेन्सिलने शब्द मोजायचा. मात्र आकड्यांना मर्यादा नव्हती, कारण आकडे म्हणजे शास्त्रीय माहिती. माझी बायको आठवड्याच्या सात नोंदी आणि खाली पन्नास शब्द देऊन यायची. पारा त्या नोंदी स्वतःच्या वहीत उतरवून घ्यायचा. वडिलांची मालिका तोही तिकडे बसून सांभाळत होता.

पहिलं वर्ष संपून जहाज तिकडे पोचलं, तेव्हा तो परत येईल अशी सासूबाईंची खात्री होती. त्यांनी त्याची खोली झाडून घेतली. त्याच आठवड्यात त्याचा संदेश आला: भोक सहाशे मीटरवर आहे, अजून एक हिवाळा मिळाला तर तळ गाठतो, परवानगी मिळाली आहे. सासूबाईंनी ते दोनदा वाचून घेतलं.

"म्हणजे येत नाही."

"पुढच्या वर्षी येईल, आई."

"मी काही म्हटलं का?"

नंतरच्या मंगळवारी दुपारी त्या स्वयंपाकघरात खाली बसल्या आणि त्यांना उठता येईना. दवाखाना जवळच होता. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं आहे, पण घाबरू नका, चार दिवसांत घरी जातील. संध्याकाळी सासूबाईंनी मुलीचा हात धरला आणि म्हणाल्या, "त्याला सांग, ये म्हणावं." बुधवारी पुन्हा दोनदा म्हणाल्या. जहाज तेव्हा तिकडे उभं होतं. संस्थेतून तातडीचा संदेश जाऊ शकला असता.

बायकोने कळवलं नाही. डॉक्टर चार दिवस म्हणाले होते. त्याने चौदा वर्षं ज्याची वाट पाहिली ते चार दिवसांच्या दुखण्यापायी पाण्यात जायचं, आणि तो तीन आठवड्यांचा समुद्र ओलांडून घरी पोचेपर्यंत आई दारात उभी राहून म्हणायची, अरे, कशाला आलास? हे सगळं तिने मला दवाखान्याच्या जिन्यात सांगितलं. मला पटलं. पटलं नसतं तरी मी मान हलवली असती. पण पटलं, हे नोंदवून ठेवतो.

बुधवारी आणि गुरुवारी ती पावणेआठला दवाखान्यातून धावत घरी आली, वर जाऊन पेटी उघडली, आकडा लिहिला आणि धावत परत गेली. शुक्रवारी सकाळी सात वीसला सासूबाई गेल्या.

मी साडेनऊला कागदपत्रं आणि कपडे न्यायला घरी आलो. टेबलावर वही उघडी होती आणि शुक्रवारची ओळ कोरी. आठ वाजताचं तापमान साडेनऊला बघता येत नाही, एवढं घरजावयालाही कळतं. वडिलांचा नियम होता: बघता आलं नाही तर रेघ मारा, मनाने लिहू नका. एकतीस वर्षांत तशी वेळ आली नव्हती. मी पेन उचललं आणि रेघ मारणारही होतो. पण ती घरी आल्यावर पहिली ती वही बघणार आणि तिला ती रेघ दिसणार, असं माझ्या मनात आलं. बुधवारचा आकडा एकोणीस पॉइंट दोन होता. गुरुवारचा एकोणीस पॉइंट सात. हवेत फरक नव्हता. मी सरासरी काढली: एकोणीस पॉइंट पंचेचाळीस.

दुसरा कुणी असता तर सरळ एकोणीस पॉइंट पाच लिहून मोकळा झाला असता. पण आमच्या खात्यात आकडा गोल करणं म्हणजे दुकानदाराला सामील होणं. वीस वर्षांच्या सवयीने मी तो आकडा होता तसा लिहिला. आयुष्यातलं पहिलं खोटं माप, आणि तेही दोन दशांशांपर्यंत काटेकोर.

पुढचं सगळं शनिवारी उरकलं. रविवारी बायको टेबलाशी बसली. समोर सोमवारचा कागद.

"कळवायचं ना आता?" मी म्हणालो.

"काय कळवू? ती बोलवत होती तेव्हा कळवलं नाही. आता ती गेली तर कळवते, होय ना?"

"जहाज अजून आहे तिथे. यायचं तर येईल."

"येईल आणि काय बघेल? रिकामी खाट?" तिने कागद पुढे ओढला. "निदान त्याचं भोक तरी पुरं होऊ दे. नाहीतर तिने हाक मारली ती फुकट आणि मी दाबून ठेवली तीही फुकट."

तिने सात आकडे उतरवले. माझा आकडा तिने पाहिलाही नाही, हात आपोआप उतरवत गेला. खाली लिहिलं, "सर्व ठीक. आई बरी आहे. पुढच्या वर्षाची वाट बघते." मी तिला अडवलं नाही.

जहाज त्याच्या ठरल्या दिवशी, म्हणजे पुढच्या मंगळवारी, पाऱ्याला तिथे ठेवून निघालं. नंतर समुद्र गोठला, आणि आता कळवून उपयोग नाही हे सांगायची सोय झाली.

यानंतर छप्पन्न सोमवार आले. पारा दर आठवड्याला विचारायचा. आईचे गुडघे कसे आहेत? आई सकाळी चालते का? आईने नवीन चष्मा केला का? विचारलं की उत्तर देणं आलं. बायको ग्रंथालयात नोंदणीचं काम करते. कल्पनाशक्तीशी तिचा तोवर संबंध आला नव्हता. पण ती शिकली. तिने आईला काठी आणून दिली. डोळ्याचं ऑपरेशन केलं, ते उत्तम पार पडलं. माझ्या सासूबाई हयातीत कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेल्या नव्हत्या. त्या आता रोज बागेत दोन फेऱ्या मारू लागल्या. शेजारणीशी त्यांचा अकरा वर्षं अबोला होता, तो एका सोमवारी मिटला. त्या दिवशी बायकोला जिन्यात ती खरीखुरी शेजारीण भेटली, तर ती तिच्या गळ्यात पडून रडली. शेजारीण आजतागायत कोड्यात आहे.

संस्थेतला कारकून पेन्सिल फिरवत म्हणायचा, "बाई, एकावन्न होतात. एक काढा." आणि एकदा म्हणाला, "तुमच्या आई भलत्याच हौशी आहेत हो. आमची बघा, खुर्चीतून उठत नाही."

"तुमची आहे ना," बायको म्हणाली. "बसू दे."

तिने मात्र एक ठरवलं होतं. पारा आला की त्याला सगळं सांगायचं, घरी पोचायच्या आत सांगायचं. आई गेली हे तर सांगायचंच, पण तिने बोलावलं होतं आणि आपण कळवलं नाही, हे आधी. तेरा महिने ती त्या वाक्यांची जुळवाजुळव करत होती. कधी भाजी चिरताना ओठ हलायचे. "तो मला तोंड दाखवू नकोस म्हणाला तर?" तिने एकदा विचारलं. मी म्हणालो, तसं म्हणणार नाही. "म्हणायला पाहिजे," ती म्हणाली. शेवटी चार वाक्यं झाली. ती तिने कागदावर लिहून पर्समध्ये ठेवली.

पारा आला तो निम्मा होऊन आला. दाढी वाढलेली, नाकाच्या शेंड्यावर थंडीने जळलेला काळा डाग. संस्थेत भाषणं झाली. तळ गाठला होता, त्यामुळे टाळ्या पुष्कळ पडल्या. टॅक्सीत तो पुढे ड्रायव्हरशेजारी बसला, आम्ही दोघं मागे. बायकोने पर्स उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. कुणीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "खाली काय निघालं शेवटी?"

"खडी."

"खडी?"

"मूठभर. पण आजवर कुणी काढली नव्हती, भाऊजी."

ड्रायव्हरने त्याच्याकडे एकदा बघून घेतलं. बायकोने माझा हात घट्ट धरला होता. ती माझ्या कानात म्हणाली, "तो आईचं काही विचारत नाहीये." मी म्हणालो, दमलाय.

घरी आल्यावर त्याने बूट काढले. आईच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्याच्यासमोरून तो मान खाली घालून पुढे गेला, टेबलाशी बसला आणि वही उघडली. पानं चाळावी लागली नाहीत. त्याला तारीख ठाऊक होती.

"भाऊजी, हा आकडा तुमचा."

"हो."

"बुधवार आणि गुरुवारची सरासरी."

"हो."

"आपल्या थर्मामीटरवर अर्ध्या अंशाच्या रेघा आहेत. डोळ्याने अंदाज घेतला तर एक दशांश मिळतो. दुसरा कुठून आणलात?"

"गोल करायला बरं वाटलं नाही."

त्याने मान डोलवली. अपेक्षित उत्तर आलं की परीक्षक डोलवतो तशी. "ताई असं लिहिणार नाही. तिला कावीळ झाली होती तेव्हाही तिने नोंद चुकवली नव्हती. आठ वाजता ती पेटीपाशी नाही आणि भाऊजींनी आकडा बनवलाय, याचा अर्थ एकच होत होता."

"कसला अर्थ?" बायको म्हणाली. ती अजून दाराशीच उभी होती, चपला घालून.

"आई गेली."

बायको दोन पावलं आत आली. मग म्हणाली, "कधी कळलं तुला?"

"सोमवारी. संदेश आला तेव्हाच."

"जहाज तेव्हा..."

"पुढच्या मंगळवारी सुटलं."

तिने मनातल्या मनात दिवस मोजले. आठ. मोजायला एवढा वेळ लागायचं कारण नव्हतं. मग ती खुर्चीवर बसली आणि पर्स मांडीवर ठेवली.

"छप्पन्न आठवडे मी तुला खोटं लिहीत होते."

"माहीत आहे."

"मग विचारायचास कशाला? गुडघे कसे, चष्मा केला का?"

"तू उत्तर द्यायचीस म्हणून." तो वहीकडे बघत होता. "सोमवारी दुपारी चारला संदेश यायचा. तेवढा वेळ ती असायची. ऑपरेशनच्या आठवड्यात मला झोप नव्हती, ताई. मला माहीत होतं, तरी नव्हती. शेजारणीशी बोलायला लागली तेव्हा मी पत्ते खेळणाऱ्यांना वाचून दाखवलं. मी विचारायचं बंद केलं असतं तर तूही बंद केलं असतंस."

मला त्याचं म्हणणं समजलं, हे कबूल करायला पाहिजे. तिलाही समजलं असावं. पण तेरा महिने तिने स्वतःला गुन्हेगार धरलं होतं, आणि त्या हिशेबात तो बिचारा होता, लांब बर्फात आईविना राहिलेला. आता गुन्हा हलका झाला आणि तो बिचाराही उरला नाही. गुन्हा तसाच राहिला असता तर भाऊ तरी राहिला असता.

तिने पर्समधला कागद काढला. उघडला नाही, नुसता हातात धरला.

"तिने तुला बोलावलं होतं."

"कुणी?"

"आईने. मंगळवारी. मग बुधवारी दोनदा. ये म्हणावं त्याला, म्हणाली. डॉक्टर म्हणाले बरी होईल, म्हणून मी कळवलं नाही."

हे त्याला कुठल्याच आकड्यातून कळलेलं नव्हतं. त्याचा चेहरा बघवला नाही. मी खिडकीबाहेर बघितलं.

"मंगळवारी जहाज होतं," तो म्हणाला.

"हो."

"मला मंगळवारी कळवलं असतंस तर मी निघालो असतो."

"सोमवारी कळलं तेव्हा निघाला नाहीस."

"तेव्हा ती नव्हती."

"मी होते," बायको म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. दूध उतू गेलंय हे सांगावं तसं ती म्हणाली. पाऱ्याने वही बंद केली आणि उठून आईच्या खोलीत गेला. दार लावून घेतल्याचा आवाज आला. खाटेची करकर ऐकू आली.

बायको स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेलो आणि नेहमीप्रमाणे वाटेत उभा राहिलो. तिने कणीक मळायला घेतली. दुपार टळली, उजेड भिंतीवरून सरकत मोरीपाशी पोचला. पोळ्या होत आल्या तेव्हा ती माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली,

"निघालो असतो, म्हणाला."

"हो."

"तुम्हाला काय वाटतं? खरं सांगा. मंगळवारी कळवलं असतं तर तो सगळं टाकून आला असता?"

आमच्याकडे नियम आहे. ज्या मापाची पडताळणी करता येत नाही, त्यावर शिक्का मारायचा नाही. खरं म्हणायचं नाही, खोटं म्हणायचं नाही, बाजूला ठेवायचं. बाजूला ठेवलेल्या मापांनी आमच्या कार्यालयाची एक खोली भरली आहे.

"आला असता," मी म्हणालो.

तिने तवा उतरवला. मी इतक्या ठामपणे बोललो होतो की ती वळून माझ्याकडे बघेल असं वाटलं. ती वळली नाही. पदराने कपाळ पुसलं, डोळेही त्यातच पुसले गेले.

"जेवायला हाक मारा त्याला," ती म्हणाली. "माझ्याच्याने नाही व्हायचं."

मी आईच्या खोलीच्या दाराशी गेलो आणि एकदाच हाक मारली. तो लगेच आला.